मोक लोंगने न घातलेली आंघोळ

माझी थोरली मावशी रोकियाह हिने पासिर नेरिंग आणि आसपासच्या चार गावांतल्या बायकांना त्यांची शेवटची आंघोळ घातली. किती मयतं तिच्या हातांखालून गेली, ते तिचं तिलाही सांगता यायचं नाही. त्यात नवऱ्याला सोडून पळालेल्या होत्या, सावकारी करणाऱ्या होत्या, महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळून अंगाला वास सुटलेल्या होत्या. तिने कुणाला नाही म्हटलं नाही. एका माझ्या आईला मात्र म्हटलं, आणि आई तिची सख्खी धाकटी बहीण होती.

आम्ही तिला मोक लोंग म्हणतो. मोक म्हणजे आई, आणि लोंग म्हणजे सगळ्यांत थोरली. आजी लवकर गेली, तेव्हा माझी आई सपिया सहा वर्षांची होती आणि मोक लोंग अठराची. तिने आईच्या उवा काढल्या, तिला कुराण वाचायला शिकवलं, नदीत पोहायला शिकवलं, आणि वेळ आली तेव्हा पोकला, म्हणजे माझ्या वडिलांना, चार ठिकाणी चौकशी करून पसंत केलं. पोक शेतकी कार्यालयात शिपाई होते. पगार लहान होता, पण दर महिन्याला येत होता. समुद्रावर जाणाऱ्या माणसाला बहीण द्यायची नाही, एवढंच तिने ठरवलं होतं, कारण तिचा स्वतःचा नवरा लग्नानंतर चौथ्याच वर्षी समुद्रात गेला आणि त्याचं मयतही हाती लागलं नाही. मयत धुण्याचं काम तिने त्यानंतर सासूकडून शिकून घेतलं. मूलबाळ नव्हतं.

जीभ मात्र तिखट. बाजारात एखादी मासळीवाली भावावरून हुज्जत घालायला लागली की मोक लोंग कमरेवर हात ठेवून म्हणायची, "बाई गं, माझ्याशी वाकडं बोलू नकोस. शेवटी माझ्याच हातात यायचंयस." बाई हसायची आणि दोन मासे जास्त टाकायची. आम्हा पोरांना तिच्या हाताला येणाऱ्या कापराच्या वासाची भीती वाटायची. तरी तिच्या घरी जेवायला आम्ही पळत जायचो, कारण नारळाच्या दुधातला भात आणि मेथी घातलेलं माशाचं कालवण तिच्यासारखं कुणाला जमत नव्हतं.

आता पक्षाकडे येते. आमच्याकडे पक्षाशिवाय माणसाची गोष्ट सांगताच येत नाही, हेच तर आमचं दुखणं.

त्या वेळी देशावर निळ्या झेंड्याच्या पक्षाचं, आमच्या भाषेत निळ्यांचं, राज्य होतं. स्वातंत्र्यापासून तेच होते. हिरवे विरोधात होते. ते म्हणायचे, इंग्रज गेले पण त्यांचा कायदा मागे ठेवून गेले, आणि निळे तोच चालवतात, आम्ही आलो की अल्लाहचा कायदा आणू. राजधानीतल्या संसदेत हिरव्यांची माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती. तिथे त्यांचं कुणी ऐकत नव्हतं, म्हणून ते आमच्या कानाशी येऊन बोलायचे. विरोधी पक्षात राहणं हासुद्धा एक बरा उद्योग असतो, असं माझं मत आहे. बिघडलं ते सरकारने बिघडवलं, आणि आपण काय करणार ते आपण आल्यावर बघा.

पण हेही खरं, की निळ्यांनी हिरव्यांना आयतं कोलीत दिलं होतं. आमच्या गावचा मुखिया निळा. होडीला इंजीन निळ्याला, खत निळ्याला, शाळेची फी माफ निळ्याच्या पोराला. मोक लोंगने विधवा म्हणून मदतीचा अर्ज तीनदा केला आणि मुखियाने तिन्ही वेळा "बघू, बघू" म्हणून तो चटईखाली सरकवला.

अशात उस्ताज लुत्फी आमच्या गावी आला. उस्ताज म्हणजे धर्म शिकवणारे गुरुजी. इजिप्तमध्ये शिकून आलेला, एकोणतिशीचा, आवाज असा गोड की रागाने बोलला तरी ऐकत राहावंसं वाटे. तो मोक लोंगच्या चटईवर मांडी घालून बसला, तिच्या हातचं आंबवलेल्या माशाचं चाटण आणि भात खाल्ला, आणि म्हणाला, "मोक, तुम्ही करता ते काम धर्म शिकलेल्या मोठमोठ्या आलिमांनाही जमत नाही. सगळ्या गावाचं फर्ज तुम्ही एकट्या उचलता." त्याआधी कुठल्याही पुरुषाने तिच्या कामाचा असा मान ठेवला नव्हता. लोक तिला बोलवायचे, पण तिचा हात लागलेल्या पेल्यातून पाणी प्यायला कचरायचे. त्या दिवसापासून ती हिरवी झाली. लग्नातली एकुलती एक सोन्याची बांगडी तिने पक्षाच्या वर्गणीत दिली आणि घरावर हिरवा झेंडा लावला.

दुसऱ्या वर्षी सरकारने गरिबांसाठी घरांची योजना काढली. मोक लोंगचंही नाव गेलं आणि माझ्या आईचंही. मोक लोंगचं छप्पर पानांचं, दर पावसाळ्यात गळायचं. विधवा म्हणून पहिला हक्क तिचा होता. पण दारावर झेंडा! मुखियाने तिचं नाव खोडलं आणि शेतकी कार्यालयातल्या शिपायाचं ठेवलं. आम्हाला नवंकोरं पत्र्याचं छप्पर मिळालं. आईने मोक लोंगला सांगून पाहिलं, "लोंग, तू आमच्याकडेच राहायला ये. घर काय माझं एकटीचं आहे?" मोक लोंग म्हणाली, "तुझ्या नवऱ्याने निळ्यांच्या कागदावर अंगठा उठवून मिळवलेलं घर तुलाच लखलाभ होवो." हे भांडण साधं होतं, दोन बहिणींतलं. ईद आली असती तर मिटलं असतं.

ईद यायच्या आत उस्ताज लुत्फीचं ते भाषण आलं. मशिदीसमोरच्या पटांगणात तो बोलला, आणि नंतर त्याच्या कॅसेटी घराघरांत वाजल्या. तो म्हणाला, जे इंग्रजांच्या कायद्याने राज्य करतात आणि जे अशांना मत देतात, ते आपल्यातले राहिले नाहीत. त्यांच्या मागे नमाज होत नाही. त्यांच्या हातचं कापलेलं हलाल होत नाही. त्यांच्या मयताला खांदा देणं आपल्यावर नाही.

उचलली जीभ लावली टाळ्याला. तो बोलून दुसऱ्या गावी गेला आणि आमच्या गावाचे दोन तुकडे झाले. मशिदीत शुक्रवारी निळ्यांचा इमाम नमाज पढवायचा. तोवर हिरवे बाहेर फणसाखाली विड्या ओढत बसायचे. निळे उठले की हे आत जायचे आणि आपल्या इमामामागे तीच नमाज पुन्हा पढायचे. बांग मात्र दोघांना एकच चालायची, फुकटची होती ना. कुर्बानीच्या गाई वेगळ्या, मेजवान्या वेगळ्या, किराणा वेगळा. निळ्या काझीने लावलेली लग्नं मोडीत निघाली म्हणून लोक परत निकाह लावून घ्यायला लागले. आमच्या शेजारच्या मामत दाराहीने तीन पोरं मांडीवर घेऊन दुसऱ्यांदा कबूल म्हटलं. त्याची बायको म्हणाली, "लग्न नवं, तर मेहेरही नवा. जुना मी खर्च केला." त्याने बिचाऱ्याने बकरी विकली. यावर गाव हसलं, तेही दोन ठिकाणी बसून.

मोक लोंगने आमच्या घरचा उंबरा सोडला. रस्त्यात आई दिसली की ती पलीकडच्या बाजूने जायची. दोन वर्षं गेली.

मग आईच्या पोटात गाठ झाली. कोटा बारू शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं, त्यांनी परत पाठवलं. शेवटचा महिना ती घरीच होती, त्याच पत्र्याखाली. मी नऊ वर्षांची होते. एकदा पोकनी हळूच विचारलं, "पुढचं सगळं कसं करायचं? लोंग तर येत नाही." आई हसली. मला तिचं ते हसू अजून आठवतं, कारण त्या दिवसांत ती फारशी हसत नव्हती. म्हणाली, "येईल हो. जिवंत आहे तोवर निळी आणि हिरवी. मेल्यावर कसला आलाय पक्ष? मी डोळे मिटले की बघा, सगळ्यांच्या आधी लोंगच धावत येईल. मला लहानपणी आंघोळ तिनेच घातलीये, आताही तीच घालील."

आई एका मंगळवारी सकाळी गेली. पोक मला हाताला धरून मोक लोंगच्या घरी गेले. पायऱ्यांखाली उभे राहिले आणि हाक मारली, "लोंग! सपिया गेली. लोंग, या." दार लोटलेलं होतं. पोकनी पाच-सहा वेळा हाक मारली. आतून कुणी बोललं नाही. शेजारच्या घरांच्या खिडक्यांत बायका येऊन उभ्या राहिल्या, त्याही हिरव्याच. एक पोकना म्हणाली, "जा रे देरामान, तुझ्या मुखियाला सांग जा." पोक तसेच परत फिरले.

निळ्या बायकांपैकी एकीलाही मयत धुता येत नव्हतं. सगळ्यांचं मोक लोंगनेच केलेलं, मग शिकतंय कोण? धर्मकचेरीची बाई आणायला मोटरसायकलवरून माणूस पाठवला, तर ती हजला गेलेली. ऊन चढत होतं. आमच्यात नवऱ्याला बायकोचं मयत धुता येतं. शेवटी पोकनी शेजारच्या पोराचं पाचवीचं धर्माचं पुस्तक मागून आणलं. त्यात चित्रं काढून सगळं समजावलेलं होतं. आईभोवती लुगड्यांचा आडोसा केला. मी पाणी ओतत होते आणि पुस्तक वाचून दाखवत होते. पोक सारखे विचारायचे, "उजवी बाजू आधी ना? नीट बघ, हसीमा. उजवीच ना?" त्यांना नीट धरता येईना, आईचं डोकं दोनदा खालच्या फळीवर आपटलं. कापूर किती घालायचा ते पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. आम्ही सगळाच घातला.

जनाज्याला अकरा माणसं होती.

त्यानंतर पस्तीस वर्षं मी मोक लोंगशी बोलले नाही. पोक जाईपर्यंत म्हणत राहिले, "तिला ऐकूच गेलं नसेल गं. वारा होता त्या दिवशी." वारा-बिरा काही नव्हता. मी मोठी झाले, लग्न केलं, नदीकाठी माशाच्या पिठाच्या कांड्या तळून विकायचं दुकान टाकलं. मोक लोंग बायकांना आंघोळी घालत राहिली. हळूहळू लोकांचा जोर ओसरला, मशिदीत पुन्हा एकच नमाज व्हायला लागली. कुणी कुणाची माफी मागितली नाही. दुसरी लग्नं केलेले लोक आपलं कोणतं लग्न खरं धरायचं ते विसरून गेले. उस्ताज लुत्फी राज्याच्या विधानसभेत गेला, पडला, पुन्हा निवडून आला, मग राजधानीत संसदेत गेला. विरोधी बाकावर बसून तो निळ्यांना चोर म्हणायचा, आणि आमच्याकडचे लोक फोनवर त्याची भाषणं बघत भात खायचे.

मग जे कधी होणार नाही असं वाटत होतं ते झालं. निवडणुकीत निळे आपटले. देशाची सत्ता तिसऱ्याच लोकांकडे गेली. आणि काय चमत्कार, विरोधी बाकावर शेजारी शेजारी बसल्यावर हिरव्यांना आणि निळ्यांना कळलं की आपण भाऊ-भाऊ आहोत! एकच धर्म, एकच रक्त, वेगळं झालोच कसे? टीव्हीवर एकमेकांच्या गळ्यात गळे. दोन वर्षांत ते सरकार पडलं आणि नव्या सरकारात हे दोघे मांडीला मांडी लावून बसले. उस्ताज लुत्फी उपमंत्री झाला. दाढी पांढरी झाली होती, गाडी काळी आली होती.

त्या ईदला मोक लोंग माझ्या दारात आली. अठ्ठ्याहत्तरची झाली होती, काठी टेकत आली होती. हातात चिकट भाताचा डबा. म्हणाली, "हसीमा, आता सगळे एक झालेत. मलाही माफ करून टाक, पोरी. मी किती दिवसांची आहे?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "ते एक झालेत म्हणून तुम्हाला माझी आठवण झाली होय? वरून हुकूम आला का माफी मागायचा?"

"तसं नाही गं."

"मग कसं? मोक लोंग, तुमच्या त्या उस्ताजने सांगितलं म्हणून तुम्ही आला नाहीत. बरोबर?"

तिने मान खाली घातली. मी ती मान हो म्हणून धरली.

"मग त्याच्याकडूनच आणा. त्याने सगळ्या गावासमोर सांगायचं, सपिया मुसलमान होती आणि मी तुम्हाला जे सांगितलं ते चुकलं. एवढं एक वाक्य. ते आणा, मी तुम्हाला माफ करते. नाहीतर तुमच्या हिशेबाचं तुम्ही वर जाऊन बघा."

तिने काठी सावरली. "एवढं म्हटलं की झालं?"

"झालं."

"माझं वय झालंय, हसीमा. नंतर शब्द फिरवू नकोस." डबा तिथेच ठेवून ती गेली. डबा मी कोंबड्यांना घातला.

आमच्यात मरण्याआधी माणूस एकेकाकडे जाऊन खाल्लंप्यालं, बोललंचाललं सगळं हलाल करून घेतो. समोरच्याने तोंडाने "हलाल" म्हणावं लागतं. गावात सगळ्यांकडून तिने म्हणवून घेतलं होतं. माझंच राहिलं होतं. तेवढ्यासाठी त्या म्हातारीने सहा महिने उस्ताजच्या मागे लागून काढले. दोनदा बसने त्याच्या कार्यालयात जाऊन आली. पहिल्यांदा साहेब राजधानीत होते. दुसऱ्यांदा साहेब बैठकीत होते आणि त्यांच्या सचिवाने तिला लिंबाचं सरबत आणि पक्षाचं कॅलेंडर दिलं. हे मला लोकांकडून कळत होतं. एकदा वाटलंही, पुरे, बोलवावं तिला. बोलवलं नाही.

शेवटी उस्ताजच गावी आला. शाळेच्या मैदानावर ऐक्याची मेजवानी ठेवली होती, शनिवारी दुपारी. हिरवे आणि निळे झेंडे एकाच दोरीवर. गाय एकच, आणि सुरी कुणी धरायची यावरून सकाळी तासभर वाद. शेवटी हिरव्यांच्या आणि निळ्यांच्या अशा दोन्ही इमामांनी एकच सुरी धरली आणि फोटो निघाला. मी तिथे कांड्या तळायला होते, पैसे घेऊन. मेजवानी त्यांची असली तरी तेल माझं होतं.

पक्षाच्या सर्वांत जुन्या कार्यकर्तीचा सत्कार म्हणून मोक लोंगला स्टेजवर चढवलं. दोन पोरींनी दंड धरून नेलं. उस्ताजने तिला साखर, बिस्किटांचा डबा आणि नमाजाचा झगा असलेली टोपली दिली आणि माइकवर म्हणाला, "या मोकच्या हातचा भात खाऊन आम्ही हा पक्ष उभा केला!" टाळ्या. तिने टोपली खाली ठेवली आणि माइकला हात घातला. लोकांना वाटलं आभार मानणार.

"उस्ताज, मला एक विचारायचंय. माझी बहीण सपिया मुसलमान होती की नव्हती?"

माझ्या हातातला झारा कढईतच राहिला. उस्ताज गडबडला नाही. त्याने दुआ मागायला हात वर केले. "मोक, हा काय प्रश्न झाला? अर्थात मुसलमान होती. अल्लाह तिला जन्नतमध्ये उंच जागा देवो." सगळं मैदान आमीन म्हणालं.

"मग तुम्ही तेव्हा सांगितलं होतंत की निळे आपल्यातले नाहीत. त्यांच्या मयताला खांदा देऊ नका म्हणून. ते चुकलं होतं, असं म्हणा. एवढंच म्हणा. मला पाहिजे आहे."

निळ्यांचे पुढारी आपापले बूट बघायला लागले. उस्ताज हसला. तो गोड आवाज अजून तसाच होता.

"मोक, मी तेव्हा तरुण होतो, गरम होतो. पण मी बोललो ते राज्य करणाऱ्यांबद्दल. गावातल्या साध्यासुध्या माणसांनी त्याचा आपापल्या परीने अर्थ लावला, त्याला मी काय करणार? मी कधी तुम्हाला म्हटलं का, की मोक, तुमच्या सख्ख्या बहिणीला आंघोळ घालू नका? कधी नाव घेऊन म्हटलं? सांगा, इथे सगळ्यांसमोर सांगा."

ती उभीच होती. तिने माइकवरचा हात काढला.

"बघा," उस्ताज लोकांकडे वळून म्हणाला, "अशाच गैरसमजांनी आपलं घर फोडलं. शत्रूला हेच हवं होतं. आता मागचं उकरायचं नाही." आणि त्याने खाली वाकून सगळ्यांसमोर तिच्या हाताचं चुंबन घेतलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. फोटोवाले पुढे धावले. माझ्या शेजारी उभी असलेली एक बाई, जी त्या मंगळवारी खिडकीत उभी होती, मला म्हणाली, "खरंच की. उस्ताज तरी असं कशाला सांगतील? मन किती मोठं बघ त्यांचं." मला तिच्या अंगावर उकळतं तेल ओतावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानामागे, घराच्या पायऱ्यांवर पीठ मळत बसले होते. मोक लोंग आली आणि सर्वांत खालच्या पायरीवर बसली. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला "वर या" म्हणतात. मी म्हटलं नाही.

"तू होतीस ना काल?" तिने विचारलं.

"होते. वाक्य काही मिळालं नाही तुम्हाला."

"नाही मिळालं."

"हात वर केले त्याने. अन् तुम्ही गप्प उभ्या. बोलायचं होतंत! म्हणायचं होतंत की हो, तूच सांगितलंस!"

"काय म्हणणार?" ती म्हणाली. "त्याने नव्हतंच सांगितलं."

मी मळायची थांबले.

"त्या दिवशी तो गावातही नव्हता, हसीमा. कुणी काही सांगितलं नव्हतं मला. तुझ्या बापाची पहिलीच हाक मी ऐकली. मी दारामागेच उभी होते. तुझी आई आता जायची हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं. मी कापूर काढून ठेवला होता, आंघोळीच्या पाण्यात घालायची बोरीची पानं आणून ठेवली होती, कफनाचं कापड फाडून तयार होतं. पायरी उतरायचं तेवढं बाकी होतं." तिला धाप लागली होती. "अन् मग खिडकीतून तुमचं छप्पर दिसलं. उन्हात चकाकत होतं. माझ्या घरात आदल्या पावसाने अजून चटया ओल्या. मनात आलं, सरकारने घर दिलंय ना तुला? आता सरकारच आंघोळ घालील. येईल म्हणावं मुखिया बादली घेऊन."

ती हे सांगताना रडत नव्हती. मीही नाही.

"उस्ताजचं बोलणं मला नंतर आठवलं. तुझा बाप परत गेल्यावर. शेजारणी आल्या, म्हणाल्या, बरं केलंस, उस्ताज म्हणालेच होते. मग मीही तेच म्हणायला लागले. पस्तीस वर्षं म्हणाले. तू विचारलंस तेव्हाही नुसती मान खाली घातली. काल तो म्हणाला, मी नाव घेऊन सांगितलं का, आणि मला जाणवलं, हा माणूस खोटारडा आहे, पण एवढं खरं बोलतोय."

आत कुठेतरी रेडिओ चालू होता. मी पस्तीस वर्षं त्या उस्ताजला शिव्याशाप दिले होते. ते किती सोपं होतं ते मला त्या पायरीवर कळलं. कोलीत त्याने दिलं होतं, त्याबद्दल त्याला मी मरेपर्यंत सोडणार नाही. पण आग जिने लावली ती समोर बसून मला खरं सांगत होती. तिला ते सांगायची काही गरज नव्हती. उस्ताजवर ढकलून ती मोकळी होऊ शकत होती. पदर पसरून रडली असती तर मी कदाचित हलालही म्हटलं असतं.

"माफ कर म्हणून नाही आले आता," ती म्हणाली. "एकच काळजी आहे. मी हे काम कुणाला शिकवलं नाही गं. सपियानंतर शिकवावंसंच वाटलं नाही. गावात आता कुणाला येत नाही. मी मेले की मला आंघोळ कोण घालणार?"

तिच्या आवाजात मागणं होतं. मला काय विचारते आहे ते मला कळलं होतं, आणि ते मला कळलंय हे तिलाही कळलं होतं. नऊ वर्षांची असल्यापासून ते मला येतच होतं, उजवी बाजू आधी.

मी पीठ पुन्हा मळायला घेतलं आणि म्हणाले, "सरकार घालील की, मोक लोंग. आता तर सरकार तुमचंच आहे."

तिने मान हलवली, म्हणजे बरोबर आहे अशी. काठी टेकून दोन वेळा प्रयत्न करून ती उठली, आणि नदीकडच्या वाटेने हळूहळू निघून गेली. मी बसल्या जागेवरून तिच्याकडे बघत राहिले. ते बोलून मला बरं वाटलं होतं. फार बरं वाटलं होतं, इतकं की हात भराभर चालायला लागले. त्या मंगळवारी दारामागे तिलाही असंच वाटलं असणार.